चुलीपर्यंतचं बोलावणं

लोटनआबांनी कोणाचं दार वाजवल्याचं मी कधी ऐकलं नाही. दार उघडं असो, लोटलेलं असो, नुसता पडदा असो, आबा चालत्या पायांनी सरळ आत यायचे. तुम्ही जेवत असा, भांडत असा, मुलाचं नाक पुसत असा, त्यांना काही फरक पडत नसे. लिंबायतमधल्या आमच्या भागात त्यांचा पाय लागत नसे असं घर नव्हतं. एक सोडून. ते घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे त्यांची बायको आणि मुलगी राहायच्या, आणि तिथून आपल्याला बोलावणं यावं म्हणून हा माणूस चौदा वर्षं वाट पाहत होता.

हे मला कळायला बराच वेळ लागला. आधीची दोन वर्षं मला त्यांचा फक्त राग यायचा.

मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा नव्वदीची सुरुवात होती. आमचे हे कापड रंगवायच्या मिलमध्ये केमिस्ट होते आणि मला पालिकेच्या मराठी शाळेत नोकरी लागली, म्हणून शाळेजवळ, लिंबायतमध्ये दोन खोल्या घेतल्या. आजूबाजूला सगळे खानदेशी, बहुतेक लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारे. राहायला आल्यावर तिसऱ्याच दिवशी आमचं जोरात भांडण झालं. कारण आता आठवत नाही, बहुधा माझं सामान कोल्हापूरहून अजून आलं नव्हतं ते असावं. मी म्हणत होते की असल्या गावात मी आठ दिवससुद्धा राहणार नाही, आणि हे म्हणत होते की मग आत्ताच जा. तेवढ्यात पांढरी पैरण घातलेला, किडकिडीत, पन्नाशीचा एक माणूस आमच्या दोघांच्या मधून चालत स्वयंपाकघरात गेला, स्टोव्हसमोर उभा राहिला, वळला, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून म्हणाला, "बाई, सांजले शिवदासना घर जेवाले चाला. बारसं शे. तुम्ही आनि साहेब, दोन्ही." मग त्यांनी झाकण उचलून आमटी पाहिली, हिच्यात गूळ घालता का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले. भांडण कुठपर्यंत आलं होतं ते आम्हाला दोघांनाही सापडेना. संध्याकाळी आम्ही त्या शिवदासकडे, गल्लीतल्याच एका लूम कामगाराकडे, जाऊन जेवलो.

ह्यांनी सांगितलं की इंग्रजीत याला 'बार्ज इन' म्हणतात. मी म्हटलं, मराठीत याला आगाऊपणा म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी दाराला नवी कडी बसवून घेतली. ती दिवसा लावली की शेजारच्या बायका घरात कोणी आजारी आहे का म्हणून चौकशीला यायच्या, त्यामुळे पंधरा दिवसांत मी तो नाद सोडला.

आबा आगाऊ होतेच, मी ते आजही नाकारणार नाही. पण त्यांच्या आगाऊपणाला एक शिस्त होती. खानदेशी माणसांत पत्रिका आली म्हणून कोणी जेवायला उठत नाही. पत्रिका आधी जाते, आणि पंगत तयार झाली की घरोघर पुन्हा तोंडी बोलावणं जावं लागतं. ते आलं नाही तर माणसं कपडे करून घरात बसून राहतील, भुकेने कासावीस होतील, पण जाणार नाहीत. गावाकडे हे काम कोणीतरी ठरलेला माणूस करायचा. लिंबायतमध्ये ते आबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, लूमची पाळी सांभाळून आबा हजर. दीडशे घरं असली तरी त्यांना यादी लागत नसे.

मी एकदा चिडून विचारलं होतं, की दारातून सांगितलं तर चालत नाही का? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाले, "दारमाईन देयेल बलावणं बलावणं नही ऱ्हास, बाई." त्यांच्या मते बोलावणं चुलीपर्यंत गेलं पाहिजे आणि ते माणसाच्या तोंडासमोर, नाव घेऊन दिलं पाहिजे. याचं एक कारण मला पुढे समजलं. ही सगळी माणसं पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांच्या भाषेत खात्यात, रोज बारा बारा तास चाळीस-पन्नास लूमच्या खडखडाटात उभी राहायची. चाळिशीपर्यंत प्रत्येकाचा एखादा तरी कान गेलेला असायचा. गल्लीत सगळे इतके मोठ्याने बोलायचे की मला पहिले काही दिवस रोज कुठेतरी भांडण चाललंय असं वाटायचं. मी स्टोव्हकडे तोंड करून बोलले तर कोणी उत्तर द्यायचं नाही, कारण ओठ दिसत नसत. अशा ठिकाणी दार वाजवून काय उपयोग आणि उंबऱ्यातून हाक मारून तरी काय उपयोग.

दुसऱ्याच्या बोलण्यात मध्ये तोंड घालायची सवयही त्याच खात्यातली असावी. लूमवर वेळ मिळेल तेव्हा बोलून घ्यायचं, समोरच्याचं संपायची वाट पाहिली तर दिवस संपतो. एकदा शाळेत साहेब तपासणीला आले होते. मी सातवीचा वर्ग घेत होते, मुलं हाताची घडी घालून बसलेली, साहेब मागच्या बाकावर. आबा वर्गात शिरले, फळ्यापर्यंत आले आणि कानबाई या खानदेशी देवीच्या भंडाऱ्याचं बोलावणं मला देऊन मोकळे झाले. जाताना त्यांचं लक्ष साहेबांकडे गेलं. एकाला बोलावून शेजारच्याला वगळणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. ते साहेबांच्या बाकापर्यंत गेले, नाव विचारलं, आणि त्यांनाही बोलावलं. माझी नोकरी गेली असं मी धरून चालले. साहेब दुपारी भंडाऱ्याला आले, वरणाबरोबर तीन बट्ट्या खाल्ल्या आणि शेरा चांगला लिहून गेले. पुढे इंग्रजीच्या तासाला 'बार्ज इन'चा अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा मला काहीच समजावून सांगावं लागलं नाही. सगळा वर्ग एका सुरात लोटनआबा म्हणाला. एकटी खिडकीजवळची रंजना खाली मान घालून बसली होती. ती आबांची मुलगी आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. एवढ्या जणांना बोलावणाऱ्या आबांना कोणीच बोलावत नसे. त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. जो बोलावणं घेऊन फिरतो त्याला वेगळं काय सांगायचं, असंच सगळे धरून चालायचे. आबा सर्वांत शेवटी, आचाऱ्यांबरोबर बसून जेवायचे. त्यांच्या खोलीतही मी कोणाला जाताना पाहिलं नाही. ते सतत आपल्याकडे येतात, मग त्यांच्याकडे कशाला जायचं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या दिवसांत सगळी सुरत पळाली. लिंबायत तर एका दिवसात रिकामं झालं. लोक मिळेल त्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे गेले. आम्हीही कोल्हापूरला गेलो. परत आलो तेव्हा गल्लीत अजून घरोघर कुलपं होती. मी दार उघडून बॅग खाली ठेवते न ठेवते तोच आबा मागोमाग आत आले, नेहमीप्रमाणे थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मला वाटलं, आजारी आहेत. मी पाणी दिलं. ते म्हणाले, "नऊ दिन व्हयी गयात, कोनासंगे बोलनू नही." गावी का गेला नाहीत म्हटलं तर म्हणाले, गावी आता कोण आहे. खातं बंद, गल्ली बंद. रोज सकाळी उठून ते कुलपं बघत फिरायचे. आणि रोज तीन गल्ल्या पलीकडे जाऊन, कोपऱ्यावर उभं राहून, एका घराचं कुलूप लांबूनच पाहून यायचे. त्या घरातली माणसं पहिल्याच दिवशी नंदुरबारच्या गाडीत बसलेली त्यांनी पाहिली होती, तरीसुद्धा जायचे.

त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. आबा एवढा वेळ सलग बोलले आणि कोणी मध्ये तोंड घातलं नाही, असं तेव्हाच काय ते झालं.

त्यांची बायको विमलबाई. विमलबाईंचे भाऊ भटूभाऊ तीन गल्ल्या पलीकडे राहत. विमलबाईंच्या धाकट्या बहिणीला बघायला एकदा भटूभाऊंच्या घरी पाहुणे आले होते. बोलणी मोठ्या माणसांत चालली होती आणि आबांना कोणी बोलावलं नव्हतं. अर्थात आबा गेले. पाहुणा मुलीच्या डाव्या बाजूला बसून काहीतरी विचारत होता आणि मुलगी उत्तर देत नव्हती. ती लाजते असं समजून सगळे हसत होते. आबांनी मधेच सांगितलं की उजव्या बाजूने बोला, तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात सांगू नये असं काहीच नव्हतं. त्यांचा स्वतःचा एक कान गेला होता, शिवदासचा गेला होता, भटूभाऊंचे दोन्ही जायला आले होते. मदत म्हणून त्यांनी सांगितलं. पण ती मुलगी कधी लूमवर गेली नव्हती, तो तिचा जन्माचा दोष होता, आणि घरच्यांनी तो झाकला होता. पाहुणे चहा न घेता उठले. त्या मुलीचं लग्न पुढे चार वर्षं जमलं नाही.

विमलबाई पाच वर्षांच्या रंजनाला घेऊन भावाकडे गेल्या. आबा दुसऱ्या दिवशी तिथे गेले, आणि नेहमी जायचे तसे थेट आत गेले. तेव्हा विमलबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही. ही गोष्ट सांगताना आबांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी ती एक अट म्हणून घेतली होती, आणि अट म्हटल्यावर तिच्यात बोलावण्याची शक्यता होतीच. मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, जाऊन बघा तरी. त्यांनी मान हलवली. एकदा बिनबोलावता जाऊन काय झालं ते पाहिलं, म्हणाले.

त्यानंतर मला आबांचा राग आला नाही असं नाही. ते तसेच यायचे, आमटीवरचं झाकण तसंच उचलायचे. पण मी झाकणाखाली त्यांच्यासाठी वाटीभर जास्त आमटी ठेवायला लागले.

रंजनाला मी शिकवलं होतं, त्यामुळे पुढे काही वर्षांनी तिच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली. मुलगा बारडोलीकडचा, साखर कारखान्यात नोकरीला. भटूभाऊ स्वतः पत्रिका घेऊन आले होते. ती वाचताना रंजनाच्या नावापुढे आबांचं नाव छापलेलं मी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. नाव छापलं म्हणजे मिटलं, असं मी समजले. आबांना पत्रिका मिळाली का, हे विचारायचं मला सुचलं नाही. ते मी विचारायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी बोलावणं द्यायला एक रिक्षा फिरली. तिच्यावर भोंगा बांधलेला होता आणि सर्वांनी जेवायला यावं, असं तो ओरडत होता. एव्हाना अशी पद्धत पडत चालली होती. मी धाकट्या मुलाला घेऊन मांडवात गेले. आबा दिसले नाहीत, पण ते आचाऱ्यांमध्ये असणार असं मी गृहीत धरलं. तिथले बहुतेक जण तेच गृहीत धरून बसले होते. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. वऱ्हाडाला बारडोली गाठायची घाई होती, म्हणून पाठवणी दुपारीच उरकायची ठरली. धाकट्याला झोप यायला लागली, तेव्हा त्याला घेऊन मी घरी निघाले.

वाटेत आबांची खोली होती. दार सताड उघडं होतं. आबा खाटेवर बसले होते. नवी पैरण, नवी टोपी, पायांत चपला. शेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, मुलीला द्यायचं लुगडं होतं. मला पाहून ते उठले आणि माझ्याबरोबर मोठं कोणी नाही हे पाहून पुन्हा बसले.

मी विचारलं, "आबा, तुम्ही इथे कसे?"

"माले कोनी बलायं नही, बाई."

मी रिक्षाचं सांगितलं, ती तर सगळ्यांना बोलावत फिरली. बोलता बोलताच मी काय बोलतेय ते मलाच कळलं. माझ्याबरोबर चला म्हटलं तर ते हळूच म्हणाले की तुम्ही बोलावणाऱ्या घरच्या नाही. मी धाकट्याला त्यांच्या खाटेवर निजवलं आणि पळत मांडवात गेले.

वऱ्हाडाची गाडी निघून गेली होती. विमलबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या, बायका त्यांना पाणी देत होत्या. मी त्यांच्या समोर बसून, ओठ दिसतील असं, सगळं सांगितलं. आधी त्यांना ते खरंच वाटेना. त्या म्हणाल्या, "त्यासले कोठे बलावनं पडस? आख्ख्या लिंबायतमा बिगर बलायेल जातस. पोरना लगीनले येतीनच, असंच वाटनं माले." त्यांनी आपल्या शेजारी आबांसाठी पाट मांडून ठेवला होता. कन्यादानाच्या वेळी पाट रिकामा राहिला म्हणून भटूभाऊ बसले. आबांनी मुलीचाही राग धरला, असं समजून त्या मनातून दुखावल्या होत्या.

मी त्यांना त्यांचेच शब्द सांगितले. बोलावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "मी आसं म्हनेल व्हती?" असं त्यांनी विचारलं, आणि शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी मान डोलावली. त्या रागात बोलल्या होत्या आणि विसरून गेल्या होत्या.

मग त्या उठल्या. चपला शोधत बसल्या नाहीत. मी त्यांच्या मागे होते. तीन गल्ल्या ओलांडून त्या आबांच्या खोलीशी आल्या आणि उंबऱ्यावर न थांबता आत गेल्या. खाटेवर माझा मुलगा झोपलेला होता आणि आबा त्याला वारा घालत होते. विमलबाई कोपऱ्यातल्या थंड स्टोव्हपर्यंत गेल्या आणि वळल्या. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "रंजनाना बाप, जेवाले चाला."

आबा लगेच उठले. लुगडं घेतलं, थोडा विचार करून पुन्हा खाटेवर ठेवलं, आणि त्यांच्यामागून चालू लागले.

मुलाला उचलून मीही परत गेले. मांडव रिकामा होत होता. भाड्याची भांडी मोजली जात होती, माणसं सतरंज्या गुंडाळत होती. एका सतरंजीवर आबांना बसवून विमलबाईंनी पत्रावळ मांडली, बट्टी हाताने कुस्करली, वर वरण घातलं, वांग्याची भाजी वाढली. आबा मान खाली घालून जेवत होते. विमलबाई समोर बसल्या होत्या.

मग आबांनी वर न बघता विचारलं, "पोर काय म्हने?"

उत्तर त्यांना बघूनच घ्यावं लागणार होतं. त्यांनी मान वर केली. विमलबाई हळू आवाजात, पण ओठ नीट हलवत म्हणाल्या, "दोनदाव इचारं तिनी. आबा येतीन का, म्हने."

आबांचा हात पत्रावळीवर थांबला. ते म्हणाले, "सकायपासून तयार व्हतू मी."

विमलबाईंनी मान हलवली, वरणाचं पातेलं जवळ ओढलं आणि त्यांना आणखी वाढलं. सतरंज्या गुंडाळणारी माणसं त्यांच्यापर्यंत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि ती एक सतरंजी तशीच सोडून पुढे गेली.